फिकट गुलाबी, तीस सेकंद

परीक्षा विभागप्रमुख, खोटं तुम्ही लिहून घेतलंत आणि नापास झाले टिपकागद. त्यांनी तुम्हाला तीन अर्ज केले. तिन्ही 'सविनय' ने सुरू होतात, 'कळावे' ने संपतात, आणि तिन्ही तुमच्या कुठल्यातरी ट्रेमध्ये एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेत. हा मजकूर सविनय नाही. चहा पिऊन झाला असेल तर वाचा. झाला नसेल तर गार होऊ द्या.

टिपकागद म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले मुख्य कारकून. वय बावन्न. ओला कागद दिसला की शोषून घ्यायचा आणि जन्मभर अंगावर वागवायचा, या गुणामुळे कार्यालयाने त्यांना हे नाव दिलं, आणि त्यांनीही ते शोषून घेतलं. दर महिन्याला गावातल्या नऊ टाक्यांच्या पाण्याचा तपासणी अहवाल त्यांच्या टेबलावर यायचा. आकडे केमिस्टचे, सही केमिस्टची, टायपिंग मात्र टिपकागदांचं. शेवटची ओळ ठरलेली: पाणी पिण्यास योग्य. वीस वर्षं त्यांनी हा 'योग्य' टाइप केला. टाकीचं झाकण उघडून आत पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मग केमिस्ट निवृत्त झाला आणि परिपत्रक आलं. कार्यालयातल्या ज्या कर्मचाऱ्याने विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्र प्रयोगाचा वर्ग पास केला असेल, त्याला त्या खुर्चीत बसवता येईल. परिपत्रकावर आठवडाभर सगळ्यांनी चहाचे कप ठेवले. टिपकागदांनी ते उचललं, कपाची वर्तुळं पुसली आणि वाचलं. खुर्चीचा मोह म्हणाल तर नव्हता. आपण वीस वर्षं जो शब्द बडवतोय तो खरा आहे का, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. माणसाला बावन्नाव्या वर्षी यापेक्षा वाईट खोडी लागू शकतात.

अर्ज करणारे दोघेच निघाले. एक टिपकागद, दुसरा मीटर रीडर. हा मीटर रीडर घरोघर न जाता मागच्या महिन्याच्या आकड्यावरून या महिन्याचा आकडा काढायचा, आणि तो इतका अचूक काढायचा की एकाही घरातून तक्रार आली नव्हती. आली ती एकदाच, बंद घराची. तिथे वीस महिने कोणी राहत नव्हतं आणि पाणी नियमाने वापरलं जात होतं.

विद्यापीठाच्या खिडकीवर टिपकागदांचा अर्ज अडला.

"पालकाची सही राहिली," खिडकीतला कारकून म्हणाला.

"मीच पालक आहे. दोन मुलांचा."

"तुमच्या पालकाची."

"ते दोघंही वारले."

"मग दाखला जोडा. नाहीतर दुसरा पालक आणा."

टिपकागदांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. तीस वर्षं आपल्या खिडकीतून ते स्वतः हीच नजर लोकांना देत आले होते. आरशाशी कोण भांडणार. ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, जरा पालक हो."

बायकोने चष्मा लावून अर्ज वाचला. 'विद्यार्थ्याशी नातं' या चौकटीत तिने 'पत्नी' लिहिलं. खाली छापलं होतं, 'पाल्याच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी मी घेत आहे.'

"ती तर मी सत्तावीस वर्षं घेतेच आहे," ती म्हणाली. "कागद आज मिळाला."

आता पांढरा कोट. खालच्या मजल्यावर निवृत्त कंपाउंडर राहतात. औषधं कालवण्यात आयुष्य गेल्यामुळे रसायनशास्त्र आपल्या घरचं आहे, अशी त्यांची समजूत आहे. बातमी कळताच ते आपला जुना कोट घेऊन वर आले. खिशावर लाल दोऱ्याने दवाखान्याचं नाव. "घ्या," म्हणाले. "या कोटाने तीन साथी पाहिल्यात." पहिल्याच शनिवारी दुपारी तो घालून टिपकागद विद्यापीठाकडे निघाले, तर वाटेत दोन म्हाताऱ्यांनी त्यांना गुडघे दाखवले आणि एका बाईने मुलाची जीभ. मुलाची जीभ पांढरी होती. टिपकागदांनी "पाणी उकळून द्या" म्हणून सांगितलं आणि पुढे झाले. मनात कुठेतरी सुखावले, हेही लपवत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब, उंच छताची खोली. काळी टेबलं, टेबलांच्या मधोमध नळ, आणि पश्चिमेला ओळीने खिडक्या. दुपारी तीन वाजता त्या खिडक्यांतून ऊन आत यायचं आणि चाळीस काचेच्या नळ्यांत एकदमच उभं राहायचं. टिपकागद दारातच थांबले. कार्यालयात ऊन यायचं ते फायलींवर पडून मरायचं. इथे ते पाण्यात उभं होतं आणि हलत होतं.

शिकवणारी बाई सव्वीस-सत्तावीसची. बाकी सगळ्यांना 'तू' म्हणायची, टिपकागदांपाशी आली की अडखळायची आणि क्रियापदच गिळायची. "हं, आता ब्युरेट..." एवढं म्हणून पुढे जायची. पण शिकवायची अशी की काय सांगावं.

"ही उभी नळी म्हणजे ब्युरेट. हिच्यातून अल्कली थेंबाथेंबाने खाली सोडायची. खाली चंबूत ॲसिड. पाण्याची पातळी सरळ नसते, नीट बघा. कडांना वर चढते, मध्ये खोलगट बसते. रीडिंग घ्यायचं त्या खोलगट भागाच्या तळाचं. आणि डोळा तिथे न्यायचा. आकडा डोळ्याकडे येत नाही, डोळा आकड्याकडे जातो."

बावन्न वर्षांत पाणी असं मध्ये खचतं हे टिपकागदांना कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढून. ते गुडघे वाकवून, एक डोळा मिटून त्या तळाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. नळीत एक उलटी खिडकी दिसत होती, खिडकीत एक उलटं झाड, आणि झाडाची पानं फार सावकाश हलत होती, जणू पाण्याच्या आत वेगळीच दुपार होती आणि तिथे कोणालाच घरी जायचं नव्हतं.

"साहेब," शेजारच्या टेबलावरून मीटर रीडर म्हणाला, "आकडा सापडला की हरवलात?"

पिपेट, म्हणजे द्रव मोजून उचलायची नळी, शिकवताना बाई म्हणाली, "यात टोकाशी शेवटचा थेंब राहतो. तो फुंकून काढायचा नाही. तो राहणारच, हे धरूनच पिपेट बनवलेली असते." टिपकागदांना हे फार आवडलं. कुणीतरी कुठेतरी कारखान्यात बसून एका थेंबाचं मागे राहणं आधीच मान्य करून ठेवलंय. रात्री जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आमटीचं तसं नसतं. वाटी पुसून खा."

आणि मग गुलाबी.

चंबूतल्या ॲसिडात बाईने फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायला लावले. काही झालं नाही. पाणी पाण्यासारखंच. "आता वरून अल्कली सोडा. थेंब पडेल तिथे गुलाबी उमटेल, हलवलं की जाईल. आधी लगेच जाईल, मग उशिरा जाईल, मग एक थेंब असा येईल की जाणार नाही. फिकट गुलाबी, तीस सेकंद टिकला पाहिजे. तिथे थांबायचं. तोच एंड पॉइंट. ओतायला कुणालाही येतं. टायट्रेशन म्हणजे थांबणं."

पहिल्या वेळी टिपकागदांनी तोटी जरा जास्त फिरवली आणि चंबूत एकदम लग्नाच्या मांडवासारखा रंग झाला. दुसऱ्या वेळी तसंच. पाचव्या वेळी ते तोटीला बोट लावून इतके हळू गेले की थेंब टोकाशी फुगला, लोंबकळला, पडायचं की नाही असा विचार करत राहिला, आणि पडला. चंबू हलवला. रंग राहिला. त्याला रंग म्हणणंही जास्त होईल. एखाद्याला लाज वाटून गेल्यावर कानाच्या पाळीवर जे थोडंसं मागे उरतं, तेवढंच. टिपकागदांनी तीस आकडे मोजले. मग साठ. मग मोजायचं विसरले. खोलीतले आवाज लांब गेले, नळाचं पाणी लांब गेलं, आणि ते त्या फिकट रंगाच्या आत कुठेतरी हात मागे बांधून फिरत राहिले. भानावर आले तेव्हा चंबूतलं पाणी पुन्हा बिनरंगी झालं होतं.

"बाई, हा गेला कुठे?"

"हवा शिरते ना पाण्यात. हवेतला वायू अल्कलीला हळूहळू खातो. म्हणून अल्कलीच्या बाटलीला घट्ट बूच लावायचं. उघडी राहिली तर ती कमजोर होत जाते, तोंडाशी पांढरी पापडी धरते."

टिपकागदांनी हे वहीत लिहिलं. अशी वाक्यं लिहिणारा त्या वर्गात तो एकच माणूस होता. बाकी सगळे आकडे लिहीत होते.

आकड्यांचीही एक रीत होती. प्रत्येक प्रयोगात तीन रीडिंग घ्यायची, आणि ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. मीटर रीडरने ही रीत पहिल्याच महिन्यात मार्गी लावली. "साहेब, पहिलं करायचं. दुसरं जुळवायचं. तिसरं लिहायचं. तिसरं कोणी करतं का? अख्ख्या विद्यापीठात कोणी केलेलं नाही."

"मी करतो."

"म्हणून तर तुम्हाला सहा वाजतात."

सहा वाजायचेच. शेवटी बाईने नियमाप्रमाणे पालकांना चिठ्ठी दिली: 'आपला पाल्य एंड पॉइंट आल्यावर रंगाकडे बघत बसतो, त्यामुळे प्रयोग वेळेत संपत नाही. कृपया घरी समज द्यावी.' बायकोने चिठ्ठी दोनदा वाचली, पाल्याला समोर बसवलं आणि समज दिली. "बघायचं तर बघा. पण लवकर बघा. मला सातला भाजी आणायला जायचं असतं." मग खाली सही केली.

वेग यावा म्हणून टिपकागदांनी घरी सराव सुरू केला. कंपाउंडरांनी जुना सलाइनचा सेट दिला, नळीवर थेंब कमी-जास्त करायचं चाक असलेला. तो कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगला. वर बाटलीत धुण्याचा सोडा, खाली ग्लासात लिंबाचं पाणी, आणि फिनॉल्फ्थॅलिन मिळेना म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या उकळून काढलेला रंग. लिंबात तो लाल दिसायचा, सोडा जास्त झाला की हिरवा. आठवडाभरात घरातला प्रत्येक ग्लास हिरवा झाला. इमारतीत बातमी गेली की वरच्या मजल्यावर कुणालातरी सलाइन लावलंय. चौघीजणी समाचाराला आल्या. दांडीखाली ग्लास बघून त्या आल्या पावली परत गेल्या, आणि तेच जास्त वाईट.

कंपाउंडर रोज सूचना करायला यायचे. "थेंबाचं मला सांगू नका. मी थेंब कानाने ओळखतो." एका दुपारी टिपकागद चाकाशी बोट लावून, डोळे अर्धे मिटून बसले होते. लाल रंग विरत विरत जांभळट झाला होता आणि ते त्या जांभळटाच्या काठाकाठाने चालत निघाले होते. तेवढ्यात कंपाउंडरांनी टेबलावरचा आधीचा ग्लास सरबत समजून उचलला आणि अर्धा प्यायले.

"हे कसलं सरबत? ना आंबट, ना कडू. कसलीच चव नाही."

टिपकागद उठून उभे राहिले. "कसलीच नाही? नक्की?"

"अहो, थुंकावं असंही वाटत नाही."

म्हणजे एंड पॉइंट बरोबर आला होता. त्या दिवशी टिपकागद आनंदात होते. कंपाउंडर दोन दिवस आले नाहीत.

आता तुमच्याकडे येऊ, विभागप्रमुख. परीक्षा ठरली होती त्या तारखेला झाली नाही. तुमच्या विभागाने ती पाच आठवडे पुढे ढकलली. कारण दिलं नाही, तुम्ही देत नाही. पण अल्कलीच्या बाटल्या जुन्या तारखेसाठी भरून ठेवलेल्या होत्या. बुचं पुरली नाहीत म्हणून त्यांच्या तोंडात कागदाचे बोळे कोंबले होते. पाच आठवडे बोळे. त्याच वेळी ताज्या द्रावणावरून काढलेलं अपेक्षित उत्तर तुमच्या यादीत टाइप होऊन पडलं होतं. बाटलीतलं द्रावण बदलत होतं. यादी बदलत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी चाळीस विद्यार्थी, बाहेरून आलेले एक परीक्षक, आणि टेबलांमधून हळू फिरणारा प्रयोगशाळेचा शिपाई. शिपाई दुष्ट नव्हता, हेही लिहून ठेवतो. वर्षानुवर्षं पोरांचे थरथरणारे हात बघून त्याला कणव आली होती, आणि कणव वाटायची त्याची पद्धत म्हणजे प्रत्येकाच्या कानाशी जाऊन आकडा सांगणं.

"साहेब, दहा पूर्णांक दोन," तो टिपकागदांपाशी म्हणाला.

"कसलं?"

"यंदाचं रीडिंग."

"पण मी अजून काही केलं नाही."

"तेच तर. करायच्या आधी कळलेलं बरं असतं."

टिपकागदांनी बाटली उचलली. बोळा काढला. तोंडाशी पांढरी पापडी होती. त्यांनी ब्युरेट धुतली, भरली, डोळा पातळीला नेला. तीनचं ऊन आलं होतं. दहा पूर्णांक दोनला त्यांनी चंबू हलवला. पाणी बिनरंगीच. साडेदहा. बिनरंगीच. आजूबाजूला पेनं चालत होती, खुर्च्या सरकत होत्या. मीटर रीडरने तिन्ही रीडिंग लिहून, वर वापरल्यासारखी दिसावी म्हणून ब्युरेटही न विसरता ओली केली होती. अकरा. एक गुलाबी ठिपका आला, फिरला, गेला. टिपकागदांना एकदम फार शांत वाटलं. थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाच्या आधी थोडा वेळ असा जात होता की त्यात काहीच ठरलेलं नव्हतं, कुणीही काहीही टाइप केलेलं नव्हतं. अकरा पूर्णांक सहाला रंग राहिला. त्यांनी तीसपर्यंत मोजलं.

दुसरं रीडिंग अकरा पूर्णांक पाच. तिसरं अकरा पूर्णांक सहा. खोली रिकामी झाली होती. त्यांनी चौथंही केलं. अकरा पूर्णांक सहा.

परीक्षकांनी वही पाहिली, यादी पाहिली.

"उत्तर चुकलंय."

"उत्तर नाही चुकलं साहेब. बाटली चुकलीय. तोंडाशी पापडी बघा."

"एकोणचाळीस जणांचं दहा पूर्णांक दोन आलंय."

"आलं नाही. लिहिलंय."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. या गोष्टीत कोणीच वाईट नाही, तीच तर पंचाईत. "हे बघा, तुम्ही वयाने मोठे आहात," ते म्हणाले. "हे पेन घ्या. आकडा खोडा, दहा पूर्णांक दोन लिहा, मी बाजूला सही करतो. पास व्हाल."

टिपकागदांनी पेन हातात घेतलं. तीस वर्षांची नोकरी, वरून सांगितलेला आकडा लिहायची बोटांना सवय. पेन वहीपर्यंत गेलंसुद्धा. वहीत 'अकरा पूर्णांक सहा' असं तीनदा लिहिलेलं होतं, आणि चंबूत अजून तो रंग होता, जाऊ की नको करत.

"साहेब, तुम्ही एकदा करून बघता का? दहा मिनिटं लागतील. तुमचं दहा पूर्णांक दोन आलं तर मी खोडतो."

परीक्षकांनी ब्युरेटकडे पाहिलं, जसं लांबच्या नातेवाइकाकडे बघतात. "मी वीस वर्षांत हात लावलेला नाही हो," ते जरा हळू आवाजात म्हणाले.

टिपकागदांनी पेन टोपण लावून परत केलं.

निकाल लागला. एकोणचाळीस पास, एक नापास. शेरा: 'निरीक्षण अपेक्षित निरीक्षणाशी विसंगत.' मुख्य कारकुनाला शेरा कळतो. तो त्यांनी तीन वेळा वाचला, मग कोट धुऊन, इस्त्री करून कंपाउंडरांना परत दिला. कंपाउंडरांनी पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. "राहू द्या तुमच्याकडे," एवढंच म्हणाले.

तीन अर्ज झाले. विद्यार्थ्याला तुमच्या विभागात प्रवेश नाही, पालकाला आहे, म्हणून एक दिवस बायको आली होती. आठवत असेल. राखाडी पिशवी, हातात प्रयोगाच्या वहीची प्रत. तिने एकच विचारलं, बाटलीत काय होतं. तुमच्या माणसाने सांगितलं, बाटली आमच्याकडे नसते, फक्त उत्तर असतं. ती म्हणाली, "उत्तर आहे तर परीक्षेला बाटली कशाला ठेवता?" आणि घरी आली.

मीटर रीडर आता केमिस्ट आहे. त्याचा पहिला अहवाल टिपकागदांच्या टेबलावर आला. नऊ टाक्या, नऊ ओळी, आणि नऊही ओळींत तोच आकडा, दशांशापर्यंत. खाली कच्चं लिहिलेलं: पाणी पिण्यास योग्य.

टिपकागदांनी कागद यंत्रात घातला. एकेका टाकीचं नाव टाइप केलं. शेवटच्या ओळीपाशी त्यांची बोटं थांबली, आणि ती अजून थांबलेली आहेत. अहवाल अकरा दिवस यंत्रात तसाच आहे. वरिष्ठांनी लेखी कारण मागितलं. टिपकागदांनी लेखी दिलं की डोळ्यांनी पाहिलेलं धरायचं की यादीत असलेलं, हे विद्यापीठाने कळवल्यावर टंकलेखन पूर्ण करण्यात येईल. आता नोकरीवर गदा येणार असं सगळे म्हणतात. मीटर रीडर येऊन समजावतो, "साहेब, एक शब्द तर आहे." ते खिडकीबाहेर बघत असतात. ग्लासातलं पाणी समोर ठेवलेलं असतं आणि ते मध्ये खचलेलं असतं.

नऊ टाक्यांचं पाणी गाव रोज पितं, विभागप्रमुख. तुमच्याही नळाला तेच येतं. तेव्हा चौकशी समिती नको, परिपत्रक नको, पुनर्तपासणीचा फॉर्म नको. अपेक्षित काय होतं तेही नको, ते एकोणचाळीस वह्यांत आहे. त्या दिवशी, त्या टेबलावरच्या, त्या बाटलीत काय होतं? कुणी बघितलं होतं का? बघितलं असेल तर आकडा कळवा. बघितलं नसेल तर 'आम्ही बघितलं नाही' एवढं लिहा, आणि खाली सही करा.